किरणोपचाराचे हप्ते : पांच आठवड्यांपासून पांच दिवसांपर्यंत

शंभर रुपयांचें देणें एकाच दिवशीं फेडलें काय, किंवा चार-चार रुपयांच्या पंचवीस हप्त्यांनीं फेडलें काय, सावकाराच्या वहींत बेरीज एकच मांडली जाते. माणसाच्या देहाची वही निराळी आहे. तींत तीच रक्कम एकदम टाकली तर एक परिणाम होतो, पंचवीस हप्त्यांनीं टाकली तर दुसरा होतो, आणि पांचच हप्त्यांत टाकावयाची झाल्यास मूळ रक्कमच कमी करावी लागते. आज मला जो इतिहास सांगावयाचा आहे तो या हप्त्यांचा आहे.

स्त्रीच्या स्तनांतील कर्करोगाची गांठ लहान असतांनाच सांपडली व शस्त्रक्रियेनें काढली, म्हणजे पुढें त्या जागेवर क्ष-किरणांचा उपचार करितात. वैद्यकांत यास किरणोपचार म्हणतात. आमच्या कर्जत-खालापुराकडे लोक ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट घेणें’ म्हणतात. हा शेक किती दिवस घ्यावयाचा? एका पिढीपूर्वीं याचें उत्तर पांच ते सहा आठवडे असें होतें. पुढें तें तीन आठवड्यांवर आलें, आणि २०२० सालानंतर पुष्कळ ठिकाणीं अवघ्या एका आठवड्यावर येऊन ठेपलें. मी वैद्य नव्हे. कशेळ्यासारख्या गांवीं मुलांना त्रैराशिक व इतिहास शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. कोणी कोणता उपचार घ्यावा हें सांगण्याचा मला अधिकार नाहीं. परंतु ही संख्या कोणत्या वाटेनें खालीं उतरली, तिच्यापायीं कोणीं काय सोसलें, आणि ती उतरण्यांत आमच्या खेड्यांतल्या बाईचा लाभ काय, हें सांगण्यास वैद्य असण्याची गरज नाहीं असें मला वाटतें.

रोग अर्थात् नवा नाहीं. आपल्या सुश्रुतसंहितेंत अर्बुदाचें वर्णन आहे. पाश्चात्य देशांत बधिरीकरणाचा शोध लागण्यापूर्वीं स्तनावरील शस्त्रक्रिया कशी होत असे, याचें एक भयंकर वर्णन इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी हिनें लिहून ठेविलें आहे. १८११ सालीं पॅरिसमध्यें नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे यानें तिच्यावर ती केली, आणि बाई त्या वेळीं पूर्ण शुद्धींत होती. ती पुढें जवळजवळ तीस वर्षें जगली, हेंही सांगितलें पाहिजे.

अर्वाचीन शस्त्रक्रियेचा आरंभ अमेरिकेंत बाल्टिमोर येथील डॉ. विल्यम हॉल्स्टेड यांच्यापासून धरतात. १८९४ सालीं त्यांनीं आपल्या ५० शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायु व काखेंतील गांठी असें सर्व कांहीं एकत्र काढून टाकावयाचें, अशी त्यांची पद्धति होती. हरळीची मुळी जमिनींत जशी पसरते तसा कर्करोग जवळून दूर पसरत जातो, म्हणून जितकें खोल व रुंद खणावें तितकें चांगलें, असा यामागील विचार होता. हा विचार सुमारें पाऊणशें वर्षें टिकला. त्यानें पुष्कळ स्त्रिया वांचल्या. पण वांचलेल्यांपैकीं कित्येकींचा हात जन्मभर सुजलेला राही व छाती खळग्यासारखी दिसे.

हॉल्स्टेड यांचा वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं, जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें प्राध्यापक राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १८९८ सालीं पॅरिस येथें पिएर व मेरी क्यूरी या दांपत्यानें रेडियम शोधून काढलें. हे किरण शरीरांतून आरपार जातात इतकेंच नव्हे, तर शरीराला भाजतातही, हें थोड्याच महिन्यांत कळून आलें. आणि जें भाजतें तें रोगावर कां वापरूं नये, हा विचारही लगेच सुचला. व्हिएन्ना येथील लिओपोल्ड फ्रॉइंड यांनीं १८९६ सालीं पांच वर्षांच्या एका मुलीच्या पाठीवरील केसाळ डागावर रोज थोडे-थोडे असे कित्येक दिवस क्ष-किरण सोडले. केंस गेले, पण पाठीवर जखमही झाली. त्या वेळचीं यंत्रें दुबळीं असल्यामुळें एकदम मोठी मात्रा देतांच येत नसे. म्हणजे हप्त्यांची पद्धति प्रथम आली ती नाइलाजानें.

यंत्रें बलवान् होतांच मतभेद सुरू झाला. जर्मनींत एर्लांगेन येथील झाइट्स व विंट्स यांचें म्हणणें असें कीं, शत्रूला एकाच तडाख्यांत ठार करावें. हप्ते देत बसल्यानें त्याला सांवरण्यास अवधि मिळतो. पॅरिसच्या रेडियम संस्थेंतील क्लोद रेगो यांनीं मात्र वेगळा विचार केला. त्यांनीं मेंढ्याच्या बीजग्रंथीवर प्रयोग केले. त्या ग्रंथींतील पेशी कर्करोगाच्या पेशींप्रमाणें सारख्या वाढत असतात, म्हणून ती निवड. एका मोठ्या मात्रेनें मेंढा निर्बीज करावयास गेलें तर वरची कातडी जळून जाई. तेंच काम विभागलेल्या मात्रांनीं केलें तर ग्रंथि निर्बीज होई व कातडी तगून राही. वाढत्या पेशी मरतात व स्थिर पेशी दोन हप्त्यांच्या मधल्या वेळांत आपली डागडुजी करून घेतात, हें त्यांतलें मर्म. रेगो यांचे सहकारी आंरी कुतार यांनीं हीच रीत घशाच्या कर्करोगावर वापरली, आणि १९२२ सालीं पॅरिसच्या परिषदेंत बरे झालेले रोगी पुढें उभे केले. त्यानंतर एका तडाख्याचें मत मागें पडलें व हप्त्यांची पद्धति जगभर रूढ झाली. रोज एक, आठवड्यांतून पांच दिवस, रविवारीं सुटी, हें वेळापत्रक थोडेंबहुत शाळेसारखेंच दिसतें. शनिवार-रविवार विश्रांति देण्यांत पेशींची सोय पाहिली होती कीं यंत्र चालविणाऱ्यांची, असा प्रश्न एखाद्या खोडकर विद्यार्थ्यानें विचारला तर दोन्हींची, असें उत्तर द्यावें लागेल.

याच सुमारास लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांत जेफ्री केन्स नांवाचे एक शस्त्रवैद्य होते. प्रसिद्ध अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे बंधु. संपूर्ण स्तन कापून टाकण्याची पद्धति त्यांना क्रूर वाटे. १९२० नंतरच्या दशकांत त्यांनीं केवळ गांठ काढून, किंवा तीही न काढतां, स्तनांत रेडियमच्या सुया रोवून उपचार सुरू केला. हॉल्स्टेडच्या शस्त्रक्रियेइतकाच गुण येतो असें त्यांनीं १९३० नंतर आंकडे देऊन मांडलें. परंतु त्यांचें कोणी फारसें मनावर घेतलें नाहीं. दुसरें महायुद्ध सुरू झालें व तें काम थांबलें. खरें ठरलेलें मत मांडणाऱ्याच्या हयातींत मान्य होतेंच असें नाहीं. केन्स यांना मात्र दीर्घायुष्य लाभलें, आणि १९८२ सालीं ते वारले तेव्हां वारा त्यांच्या बाजूस वळला होता.

आतां आपल्या मुंबईकडे येऊं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें विलायतेंत निवर्तल्या. पुढच्याच वर्षीं सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्तनिधींतून परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें. आरंभीं तेथें ८० खाटा होत्या. तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे या विषयांतील आपल्याकडील आद्य संशोधक. धोतर कंबरेला घट्ट आवळल्यानें कातडीचा जो कर्करोग होतो त्याचें वर्णन त्यांनीं करून ठेविलें आहे. १९५७ सालीं हें रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे, आणि १९६२ सालीं अणुशक्ति खात्याकडे गेलें. त्या खात्याचे धुरीण डॉ. होमी भाभा हे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. आत्याच्या स्मरणार्थ बांधलेलें रुग्णालय भाच्याच्या खात्याकडे यावें, हा योगायोग सुंदर आहे. पण त्यांत व्यवहारही होता. किरणोपचारास लागणारे किरणोत्सर्गी पदार्थ, ते मोजणारे पदार्थविज्ञानज्ञ व ते सांभाळणारे तंत्रज्ञ त्या खात्याजवळच होते.

कारण मध्यंतरीं यंत्रें पालटलीं होतीं. जुन्या क्ष-किरण यंत्रांचा सर्वांत अधिक मारा कातडीवर होई. खोलवरच्या रोगापर्यंत पुरेशी मात्रा पोंचवावी तर कातडी होरपळे. १९५१ सालीं कॅनडांत कोबाल्ट-६० या धातूच्या किरणांनीं उपचार प्रथम सुरू झाला. या किरणांचा जोर कातडीच्या किंचित् खालीं जाऊन लागतो, त्यामुळें वरची कातडी बऱ्याच अंशीं वांचते. कोबाल्टची शक्ति सुमारें सवापांच वर्षांत निम्मी होते, म्हणून तो मधून मधून बदलावा लागतो. तथापि यंत्र साधें, विजेचा लहरीपणा सोसणारें, आणि म्हणून आपल्यासारख्या देशास सोईचें ठरलें. मद्रासच्या अड्यार येथील कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्यें १९५७ सालीं असें यंत्र बसलें. पुढें भाभा अणुसंशोधन केंद्रानें ‘भाभाट्रॉन’ नांवाचें देशी कोबाल्ट यंत्र तयार केलें. त्याचा पहिला नग खारघर येथील टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रांत बसविण्यांत आला. खारघर हें पनवेल तालुक्यांत, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यांत आहे, हें सांगतांना मला थोडा अभिमान वाटतो.

यंत्र चांगलें झालें, तरी मूळ प्रश्न उरलाच होता कीं, संपूर्ण स्तन काढणें अवश्य आहे काय. तो सोडविला दोघांनीं, इटलींत मिलान येथील उंबेर्तो व्हेरोनेसी यांनीं व अमेरिकेंत पिट्सबर्ग येथील बर्नार्ड फिशर यांनीं. व्हेरोनेसी यांनीं १९७३ ते १९८० या काळांत ७०१ स्त्रियांच्या चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एका गटावर हॉल्स्टेडची शस्त्रक्रिया, दुसऱ्या गटांत स्तनाचा चतुर्थांश भाग काढून पुढें किरणोपचार. फिशर यांची परीक्षा १९७६ सालीं सुरू झाली व तींत १,८५१ स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकण्याची ही रीत प्रथम कानाला चमत्कारिक लागते. परंतु वैद्याच्या आवडीनिवडीचा प्रवेश बंद करावयाचा तर दुसरा उपाय नाहीं. वीस वर्षांनीं, २००२ सालीं, दोन्ही परीक्षांचे निकाल प्रसिद्ध झाले. स्तन ठेवलेल्या स्त्रिया व काढलेल्या स्त्रिया सारख्याच संख्येनें जगल्या होत्या. फिशर यांच्या परीक्षेंत आणखी एक गोष्ट दिसली. केवळ गांठ काढून किरणोपचार न दिलेल्यांपैकीं शेंकडा ३९ स्त्रियांत त्याच स्तनांत रोग परत आला होता. किरणोपचार दिलेल्यांत हें प्रमाण शेंकडा १४ होतें. म्हणजे स्तन ठेवावयाचा तर किरणोपचार घेतलाच पाहिजे, असा धडा निघाला. पुढें २०११ सालीं १७ परीक्षांतील १०,८०१ स्त्रियांचा एकत्र हिशेब झाला. किरणोपचारामुळें पंधरा वर्षांतील कर्करोगाचे मृत्यु शेंकडा २५.२ वरून २१.४ वर आल्याचें त्यांत आढळलें.

टाटा मेमोरियलमध्यें स्तन राखण्याची पद्धति १९८० पासून चालू झाली. डॉ. केतायून दिनशा या किरणोपचारतज्ज्ञ बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० ते २००० या वीस वर्षांतील १,०२२ भारतीय स्त्रियांचा वृत्तांत २००५ सालीं प्रसिद्ध केला. त्यांपैकीं शेंकडा ८७ स्त्रिया पांच वर्षांनीं व शेंकडा ७७ दहा वर्षांनीं हयात होत्या. आपल्याकडच्या स्त्रियांना हा उपचार झेपणार नाहीं अशी शंका घेणाऱ्यांस हें उत्तर होतें.

परंतु स्तन राखण्याची जी किंमत होती ती दिवसांत मोजावी लागे. सर्वमान्य मात्रा ५० ग्रे. ग्रे हें लुई हॅरॉल्ड ग्रे या इंग्रज शास्त्रज्ञाच्या नांवावरून पडलेलें किरणमात्रेचें माप. पन्नास ग्रेचे पंचवीस हप्ते, प्रत्येकीं दोन. आठवड्याला पांच याप्रमाणें पांच आठवडे. त्यावर गांठीच्या मूळ जागीं आणखी कांहीं हप्ते देत, ते निराळे.

शहरांतील श्रोत्यांस हे पंचवीस दिवस कदाचित् फार वाटणार नाहींत. आमच्या बाजूनें पहा. खांडसकडच्या एखाद्या ठाकूरवाडींतून बाईनें पहांटे निघावयाचें, पायीं किंवा मिळेल त्या वाहनानें कशेळ्यास यावयाचें, तेथून कडावावरून कर्जत स्टेशन गांठावयाचें, आणि लोकलनें दोन तास उभ्यानें परळ. उपचाराला लागतात मिनिटें दहा. बांकावर बसून वाट पाहण्याचे तास वेगळे. मग तीच वाट उलट. रोज हें शक्य नसल्यानें पुष्कळ जणी दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणीं राहतात, व जागा न मिळाल्यास रुग्णालयाजवळच्या पदपथावर. बरोबर एक माणूस हवें. म्हणजे दोघांची मजुरी बुडाली. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या भागांतील एक बाई आपला कागद वाचून घेण्यास माझ्याकडे आली होती. त्यावर पंचवीस चौकोन छापले होते व अकरांत खुणा होत्या. भाताची लावणी आली म्हणून ती परत आली होती. “गुरुजी, लावणी झाल्यावर राहिलेले घेतले तर चालतील ना?” असें तिनें विचारलें. चालणार नाहीं, मधें खंड पडूं देऊं नये, उद्यांच परत जा, इतकेंच मला सांगतां आलें. राहिलेले चौदा हप्ते तिनें घेतले नाहींत.

तेव्हां पंचवीस हा आंकडा आला कोठून व तो कमी कां होऊं नये, हा प्रश्न केवळ शास्त्राच्या कुतूहलाचा नाहीं. खरें पाहतां तो आंकडा सर्व जगांत एकच नव्हता. फ्रान्स व अमेरिका येथें पांच-सहा आठवड्यांची चाल होती. इंग्लंडांत मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयांत राल्स्टन पॅटर्सन यांच्या वेळेपासून तीन आठवड्यांची परंपरा होती, व कॅनडांतही कांहीं ठिकाणीं तशीच होती. कारण साधें होतें. रोगी फार, यंत्रें थोडीं. एका यंत्रावर पंचवीस दिवस एकीला बसवावें, तर दुसरी बाहेर ताटकळते. गरजेनें पाडलेल्या या प्रथेकडे श्रीमंत रुग्णालयें बरीच वर्षें नाकें मुरडीत होतीं.

त्यांच्या नाकें मुरडण्यास एक सबळ कारणही होतें, आणि हा या इतिहासांतील काळा भाग आहे. १९६९ सालीं ऑक्सफर्डचे फ्रँक एलिस यांनीं एक गणिती सूत्र मांडलें. हप्त्यांची संख्या बदलली तर एकूण मात्रा किती ठेवावी हें त्यावरून काढतां येई. गुणाकार-भागाकार करून उत्तर हातीं येतें म्हटल्यावर लोकांचा विश्वास चटकन् बसतो, हें मी चाळीस वर्षें वर्गांत पाहिलें आहे. सूत्र बसविलें होतें तें मुख्यतः कातडीवर लगेच दिसणाऱ्या परिणामांवरून. वर्षांनीं उमटणाऱ्या खोल परिणामांचा हिशेब त्यांत नीट नव्हता. सूत्राच्या आधारें कित्येक ठिकाणीं थोडे पण मोठे हप्ते देण्यांत आले. कातडी चांगली राहिली. आणि पांच-दहा वर्षांनीं कांहीं स्त्रियांचे खांदे आंखडले, स्तन दगडासारखे घट्ट झाले, आणि काखेंतून हातांत जाणाऱ्या शिरांना इजा होऊन कित्येकींचा हात लुळा पडला. १९९१ सालीं ब्रिटनमधील अशा स्त्रियांनीं आपली संघटना काढली व दाद मागितली. कर्करोगांतून वांचलेल्या, पण उपचारानें अधू झालेल्या स्त्रियांचें तें गाऱ्हाणें होतें. मोठ्या हप्त्यांची भीति वैद्यांच्या मनांत बसली ती या अनुभवामुळें, आणि ती बसणें योग्यच होतें.

१९८० नंतर विदर्स, फौलर इत्यादि शास्त्रज्ञांनीं या अपघाताचें कारण उलगडून दाखविलें. शरीरांतील ज्या पेशी सावकाश बदलतात, उदाहरणार्थ मज्जातंतु, स्नायूंवरील वेष्टनें, बारीक रक्तवाहिन्या, त्या हप्त्याच्या आकाराला फार हळव्या असतात. हप्ता दुप्पट केला तर इजा दुपटीहून अधिक होते. म्हणून हप्ता मोठा करावयाचा तर एकूण मात्रा बरीच खालीं आणली पाहिजे. आतां बहुतेक कर्करोग हप्त्याच्या आकाराला हळवे नसतात. त्यांच्या बाबतींत लहान हप्ते दिल्यास रोग मरतो व निरोगी भाग वांचतो. स्तनाचा कर्करोगही तसाच असेल असें गृहीत धरलें गेलें होतें. तें गृहीतच चुकीचें होतें. हा कर्करोग स्वतःच निरोगी भागाइतका हप्त्याला हळवा आहे. तेव्हां लहान हप्त्यांपासून होणारा विशेष लाभ येथें मिळत नाहीं. मात्रा योग्य प्रमाणांत घटविली तर मोठे व थोडे हप्ते तितकेच गुणकारी होतात.

हें कागदावर झालें. प्रत्यक्ष प्रचीति दोन देशांनीं दिली. कॅनडांत डॉ. टिमथी व्हेलन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ ते १९९६ मध्यें १,२३४ स्त्रियांवर परीक्षा केली. निम्म्यांना ५० ग्रे पंचवीस हप्त्यांत, निम्म्यांना ४२.५ ग्रे सोळा हप्त्यांत. दहा वर्षांनीं रोग त्याच जागीं परतल्याचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा ६.७ व ६.२. ब्रिटनमध्यें डॉ. जॉन यार्नल्ड यांच्या पुढाकारानें १९९९ ते २००२ मध्यें ‘स्टार्ट’ नांवाच्या दोन परीक्षा झाल्या. दुसरींत २,२१५ स्त्रिया होत्या. पंचवीस हप्त्यांऐवजीं ४० ग्रे पंधरा हप्त्यांत, तीन आठवड्यांत. दहा वर्षांनीं रोग परतण्याचें प्रमाण पांच आठवडेवालींत शेंकडा ५.५ व तीन आठवडेवालींत ४.३ भरलें, आणि स्तनाचें घट्ट होणें, सूज येणें हे त्रासही तीन आठवडेवालींत कमीच आढळले. मँचेस्टरची गरिबीची प्रथा बरोबर ठरली होती. यार्नल्ड यांनीं ज्या सावधपणें एक-एक पायरी उतरून पाहिली तो मला विशेष वाटतो. सूत्रावर विसंबून उडी मारण्याचे परिणाम त्यांच्याच देशानें भोगले होते.

पुढची पायरी ‘फास्ट’. २००४ ते २००७ मध्यें ९१५ स्त्रियांपैकीं कांहींना आठवड्याला एक असे पांचच हप्ते देऊन पाहिलें. मग ‘फास्ट-फॉरवर्ड’. २०११ ते २०१४ मध्यें ब्रिटनमधील ९७ रुग्णालयांत ४,०९६ रोग्यांचे तीन गट केले. एकास ४० ग्रे तीन आठवड्यांत, दुसऱ्यास २७ ग्रे पांच दिवसांत, तिसऱ्यास २६ ग्रे पांच दिवसांत. सोमवारीं आरंभ व शुक्रवारीं समाप्ति. पांच वर्षांनीं रोग परतण्याचें प्रमाण अनुक्रमें शेंकडा २.१, १.७ व १.४ निघालें. रोगाच्या दृष्टीनें तिन्ही सारखे. परंतु मध्यम किंवा अधिक त्रास वैद्यांस दिसला तो पहिल्या गटांत शेंकडा ९.९, २७ ग्रेच्या गटांत १५.४ व २६ ग्रेच्या गटांत ११.९. केवळ एका ग्रेचा फरक, आणि देहानें तो ओळखला. म्हणून २६ हा आंकडा ठरला. जुन्या पन्नासाचा हा जवळजवळ निम्मा आहे, हें ध्यानांत घ्यावें. कोणी पन्नासच पांच दिवसांत उरकावयास गेला असता तर अनर्थ झाला असता.

हा निकाल ‘लॅन्सेट’ साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला एप्रिल १९२० नव्हे, एप्रिल २०२० मध्यें. शतकापूर्वींची इन्फ्लुएंझाची साथ व ही करोनाची साथ यांची सांगड माझ्या तोंडून सहज घातली जाते. जग घरांत कोंडलें गेलें होतें. मुंबईच्या लोकल मार्च २०२० मध्येंच सर्वसामान्यांस बंद झाल्या होत्या. कर्जतहून परळला जाणें आमच्या बाईला अशक्य झालें होतें. रोग्याला रुग्णालयांत जितकें कमी यावें लागेल तितकें बरें, असें सर्वांस वाटत असतां हा निकाल हातीं आला, आणि ज्या बदलास एरवीं दहा वर्षें लागलीं असतीं तो ब्रिटनमध्यें कांहीं आठवड्यांत झाला.

आपल्याकडे कलकत्त्याच्या टाटा मेडिकल सेंटरनें करोनापूर्वींच, २०१९ सालीं, ‘हायपोर्ट’ नांवाची परीक्षा सुरू केली होती. तीन आठवडे विरुद्ध एक आठवडा, भारतीय स्त्रियांत. अशी स्वतंत्र परीक्षा कां हवी, हें सांगणें जरूर आहे. विलायतेंत तपासणीच्या सोई असल्यामुळें गांठ बहुधा लहान असतांना सांपडते. ‘फास्ट-फॉरवर्ड’मधील बहुतेक रोग्यांचे स्तन राखलेले होते. आपल्याकडे बाई उशिरां येते. गांठ मोठी असते, काखेंत रोग उतरलेला असतो, व पुष्कळदां संपूर्ण स्तन काढावा लागून मग छातीच्या भिंतीवर व गळपट्टीच्या वरच्या भागावर किरण द्यावे लागतात. तेथें खांद्याच्या शिरा जवळ असतात, आणि त्या शिरांचा इतिहास मीं वर सांगितलाच आहे. अशा रोग्यांविषयीं चीनमधील एक परीक्षा उपयोगी आहे. स्तन काढलेल्या ८२० स्त्रियांपैकीं एका गटास पांच आठवड्यांऐवजीं ४३.५ ग्रे पंधरा हप्त्यांत दिले; पांच वर्षांनीं रोग परतण्याचें प्रमाण शेंकडा ८ च्या आसपास दोहींकडे सारखेंच राहिलें. २०१९ सालीं हा निकाल बाहेर आला. आपल्याकडील रोगी पाहतां हा तीन आठवड्यांचा निकाल मला एका आठवड्याच्या निकालापेक्षांही अधिक मोलाचा वाटतो. एका अंदाजाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १ लाख ९० हजारांहून अधिक स्त्रियांना हा रोग नव्यानें झाला. इतक्यांसाठीं यंत्रें पुरावयाचीं तर एका यंत्रावर एकीच्या जागीं दोघींना बसवितां येणें हीच मोठी भर आहे.

डाव्या बाजूच्या स्तनाविषयीं एक गोष्ट सांगावयाची राहिली. त्याच्या पाठीमागें हृदय आहे. जुन्या काळच्या किरणोपचारानें कर्करोगाचे मृत्यु कमी झाले, पण पुढें हृदयविकाराचे वाढले, असें दिसून आलें होतें. २०१३ सालीं ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनीं हिशेब मांडला कीं, हृदयास सरासरी जितके ग्रे पोंचतात त्या प्रत्येक ग्रेमागें हृदयविकाराच्या गंभीर प्रसंगांचा संभव शेंकडा ७.४ नें वाढतो. यावर एक साधा उपाय निघाला आहे. किरण चालू असतां बाईनें खोल श्वास घेऊन क्षणभर रोखून धरावयाचा. फुप्फुस फुगतें व हृदय छातीपासून दूर सरकतें. आपल्याकडे ज्यांनीं प्राणायाम केला आहे त्यांना हें शिकवावें लागत नाहीं, असें म्हणण्याचा मोह होतो. पण श्वास किती वेळ व किती खोल धरला हें यंत्रावर मोजूनच किरण सोडतात, तेथें आपल्या अंदाजाचें काम नाहीं.

आणि सर्वांत अलीकडची पायरी अशी कीं, कांहीं जणींना हप्ताच नको. ‘प्राइम-२’ या परीक्षेंत ६५ वर्षें व त्याहून अधिक वयाच्या १,३२६ स्त्रिया घेतल्या. गांठ लहान, काखेंत रोग नाहीं, आणि संप्रेरकविरोधी गोळ्या नियमित घेणाऱ्या. किरणोपचार न घेतलेल्यांत दहा वर्षांनीं त्याच स्तनांत रोग परतला शेंकडा ९.५ जणींत, घेतलेल्यांत ०.९ जणींत, परंतु किती जणी हयात राहिल्या यांत दोन्ही गटांत फरक पडला नाहीं. २०२३ सालीं हें प्रसिद्ध झालें. येथें वैद्य एकटा निर्णय करूं शकत नाहीं. दहांत एकीला रोग पुन्हां उमटण्याचा धोका पत्करून घरीं राहावें, कीं पांच दिवस जाऊन यावें, हें त्या आजीबाईंनींच ठरवावयाचें असतें. आणि गोळ्या पांच वर्षें न चुकतां घेणें आपल्याला जमेल काय, हा प्रश्न त्यांना त्याआधीं विचारावा लागतो.